गाड्याला लावलेल्या टिकल्या

जुळे सोलापुरातल्या मोठ्या रस्त्याचं रूप नव्यानं ठरवायचं होतं, आणि तेही म्हणे लोकांना विचारून. एवढा मान मिळाल्यावर माणसं हुरळली. शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. वच्छलाबाई भिजवलेलं पीठ तसंच झाकून तिथं गेल्या, कारण त्याच रस्त्यावर कडुनिंबाखाली त्यांचा भाकरी-शेंगाचटणीचा गाडा होता आणि त्यावरच त्यांची चूल पेटत होती.

निम्मी सभा सत्कारात गेली. शाली, नारळ, पुन्हा शाली. मग पुण्याहून आलेला सल्लागार काय करायचं ते सांगू लागला, तेव्हा नेमका चहा आला. भिंतीवर रस्त्याचा नकाशा होता, टेबलावर लाल आणि हिरव्या टिकल्या. "तर या, लावा आपापल्या मतानं," एवढंच सगळ्यांना ऐकू आलं.

नकाशावर आपला गाडा काढलेला पाहून वच्छलाबाईंना भरून आलं. चांगल्या गोष्टीला काय लावतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी लाल टिकली उचलली आणि कुंकू लावावं तशी गाड्यावर टेकवली.

"मल्लेश, तूबी लाव की!"

"लावतो की मावशी. तुमच्या भाकरीवर तर रिक्षा चालतीया माजी," म्हणत मल्लेशनं दोन लावल्या. त्याच्यामागून सगळी गिऱ्हाइकं आली. गाडा टिकल्यांखाली दिसेनासा झाला.

पंधरवड्यानं महापालिकेचा ट्रक आला आणि गाडा उचलून घेऊन गेला. वच्छलाबाईंनी सल्लागाराला गाठलं.

"लाल म्हणजे हटवा, मावशी. अख्ख्या रस्त्यात सगळ्यात जास्त लाल तुम्हालाच. लोकांच्या इच्छेबाहेर आम्ही कसे जाणार?"

"सायेब, ते कुंकू हाय ओ! कुंकू लावून कुणी घर मोडतं व्हय?"

सल्लागाराला खरंच वाईट वाटलं. वाईट वाटून घ्यायला मंजुरी लागत नाही. "पुढच्या सभेत हिरव्या लावायला सांगा," तो म्हणाला.

वच्छलाबाई दारोदार हिंडल्या. "हिरवीच लावा बरं का. लालकडं बगूबी नका." लोकांनाही अपराधी वाटत होतं. दुसऱ्या सभेत सत्कार संपायच्या आतच त्यांनी नकाशा गाठला आणि कडुनिंबाखालची जागा हिरवीगार करून टाकली. नकाशा नवा होता आणि त्यावर गाडाच नव्हता, हे कुणी पाहिलंच नाही.

"दुचाकी पार्किंगला सर्वाधिक पसंती!" सल्लागारानं आनंदानं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. वच्छलाबाईंनीही वाजवल्या आणि मग मल्लेशला विचारलं, "काय म्हनला रं?"



गाडा दंड भरून सुटला, पण उभा राहिला शाळेमागच्या बोळात. तिथं कुत्रंही फिरकत नव्हतं. एके दुपारी फ्लॅटमधली रेश्मा कडुनिंबाखाली स्कूटी लावून त्यांना शोधत आली.

"मावशी, पार्किंग लई भारी झालंय बघा, सावलीत! पण तुम्ही इथं आत कशाला येऊन बसलात?"

त्या जागेला पहिली हिरवी टिकली रेश्मानंच लावली होती. वच्छलाबाईंनी तिला भाकरी वाढली आणि चटणी जरा जास्तच घातली.