वजनावर घेतलेली गाडी

बायको गेल्यापासून आप्पांच्या भंगाराच्या गोदामात वजनकाट्याशिवाय काही हलत नव्हतं. आता लेकही दूरच्या शहरात नोकरीला निघाली होती. तिने थांबावं, गोदाम सांभाळावं, संध्याकाळी समोर बसून जेवावं, एवढंच आप्पांना हवं होतं. पण पोटच्या पोरीकडे हे मागायचं कसं, ते न कळल्यामुळे त्यांनी सौदा केला.

"थांबलीस तर हवी ती गाडी घेऊन देतो. शब्द!"

लेकीने चेष्टेत मोबाइलवर एक लाल, बुटकी स्पोर्ट्स कार दाखवली. "ही?"

"वजन किती?"

"आपल्या व्हॅनच्या निम्मंसुद्धा नाही."

आप्पांचा जीव भांड्यात पडला. जन्मभर त्यांनी प्रत्येक वस्तू किलोवर जोखली होती. "घेतली म्हणून समज. याहून हलकी मिळाली तरी सांग, लाजू नकोस."

शोरूममध्ये किंमत ऐकल्यावर त्यांनी आधी खुर्ची मागितली, मग पाणी.

"एसी नाही, रेडिओ नाही, मागची सीट नाही. मग हिच्यात आहे काय?"

"वजन नाही, काका," विक्रेता अभिमानाने म्हणाला. "साध्या गाडीचा पत्रा यंत्र क्षणात ठोकतं, साच्याचा खर्च लाखो गाड्यांत वाटला जातो. ही वर्षाला मोजकीच निघते. कार्बनचं कापड हाताने थरावर थर लावून भट्टीत भाजतात. सगळा भार मूठभर गिऱ्हाइकांवर."

"म्हणजे गाडीवरचं वजन उतरवून माझ्या डोक्यावर ठेवलंत!"

"तसंच काहीसं."

"मग असं कर, एसी बसव, मागे सीट टाक, जाड पत्रा लाव आणि किंमत खाली आण."

"त्याचे जादा पैसे पडतील, काका."

लेक बाही ओढत होती. "आप्पा, थट्टा केली हो मी! चला घरी."

पण आपण शब्द मोडला की तीही मोकळी झाली, हे आप्पांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. त्यांनी कुणालाही न सांगता पैसे उभे केले.

गाडी दारात आली तेव्हा लेक गळ्यात पडून रडली. नोकरीवाल्यांना नाही म्हणून कळवते, म्हणाली. मग डोळे पुसून तिने बाह्या सरसावल्या.

"चला, गोदामाची किल्ली द्या."

आप्पांनी गाडीकडे बोट दाखवलं.

"आप्पा, गोदाम विकलंत?"

"काट्यासकट."

"अहो, मग मी थांबून सांभाळू काय?"

याचा विचार आप्पांनी केलाच नव्हता. विक्रेता गाडी परत घ्यायला तयार होता. निम्म्या किमतीत, आणि तेही पुढच्या वर्षी.

"आता कुणीतरी कमवायला तर हवं," लेक हळूच म्हणाली.

सोमवारी ती नोकरीवर रुजू व्हायला निघाली. डिकीत चपलांखेरीज काही मावेना, म्हणून बॅग शेजारच्या सीटवर बसली.

"रोज फोन करीन. वेळेवर जेवा."

आप्पांनी मान हलवली. गाडी पापणी लवायच्या आत कोपऱ्यापलीकडे गेली. जड असती, तर तिथवर पोचायला जरा तरी वेळ लागला असता.