बिबट्याच्या पिंजऱ्यात आबांचं औषध

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि मनातल्या मनात बघा. उसाच्या कडेला एक लोखंडी पिंजरा आहे, बिबट्या धरायला लावलेला. पण आत बिबट्या नाही, तुम्ही आहात. दार पडलंय. बाहेर सगळा गाव जमलाय. आणि हातात लांब नळी घेतलेले एक डॉक्टर तुमच्याकडे बघून शांतपणे विचारताहेत, "याचं वजन किती असेल हो?"

घाम फुटला ना? पिंपळवंडीच्या सावळेराम आबांनाही फुटला होता. त्यांच्या अंगावर तर वरून घोंगडी होती.

आता आबा तिथे गेले कसे, ते ऐका. गेल्या वर्षी आबांच्या कमरेला नागीण उठली. नागीण म्हणजे साप नव्हे. अंगावर पट्ट्यासारखे पाणी भरलेले फोड येतात, त्या आजाराला नागीण म्हणतात. सखूबाई आजीने गेरू लावला, दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या, फोड सुकले, कातडी बरी झाली. पण आतली आग काही विझेना. सदरा घासला तरी आबा "आई गंऽ" करून उभे राहायचे. ज्या माणसाने उभं आयुष्य मेंढरांमागे रानोमाळ चालण्यात काढलं, त्याला ओट्यावरून अंगणात उतरणं जड झालं. शेवटी सून उज्ज्वला त्यांना पुण्याला एका वैद्यांकडे घेऊन गेली. वैद्यांनी नीट तपासलं आणि एक लहानशी बाटली लिहून दिली. सकाळी दोन थेंब, दुपारी चारला दोन थेंब, जिभेखाली. त्याहून एकही जास्त नाही, असं तीनतीनदा बजावलं. आजीला थेंब नीट दिसत नसत, म्हणून ते काम उज्ज्वलाने आपल्या लेकीला, सहावीतल्या अक्षदाला शिकवलं. काही दिवसांनी आबा रात्रभर झोपू लागले. मग एका सकाळी ते बांधावर जाऊन मेंढरांना चांगल्या खणखणीत शिव्या देताना ऐकू आले. त्या शिव्या ऐकून आजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण बाटलीवर एक हिरवं पान छापलेलं होतं आणि शेजारच्या सोपानला टीव्हीवरच्या पोलिसांच्या मालिका बघायचा नाद होता.

"आबा, हे पान वळखीचं हाय," सोपान बाटली उलटीसुलटी करत म्हणाला. "गांजाचं हाय हे! ह्यात जामीन मिळत न्हाई. सीधा अंदर."

"आरं, पुन्याच्या वैद्यानं दिलंय ते."

"वैद्य पुन्यात ऱ्हातो. पोलीस कुठं येनार? तुमच्या दारात."

उज्ज्वलाने घरी आल्यावर समजावलं, "आबा, हे पानापासून केल्यालं औषध हाय. सरकारची परवानगी हाय त्याला, वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं. चिलमीत भरत्यात तो गांजा निराळा. त्याला बंदी हाय."

आबांनी मान डोलावली. पण एकाच झाडाचा एक भाग साव आणि दुसरा चोर, हे सरकारला माहीत असलं तरी हवालदाराला माहीत असेल का, ही शंका त्यांच्या मनातून जाईना. दारात गॅसवाला आला तरी आबा आधी बाटली कमरेला खोचायचे आणि मग, "कोन हाय?" म्हणायचे.

तर त्या दिवशी थंडीतली दुपार होती. उज्ज्वला नारायणगावला कामावर गेलेली, अक्षदा शाळेत. आबा ओट्यावर उन्हाला बसले होते, खांद्यावर नेहमीची काळी घोंगडी. एवढ्यात वस्तीच्या रस्त्यावर धूळ उडाली. जीप येत होती. आत खाकी कपडे दिसले.

आबा ताडकन उठले. त्यांनी बाटली पिठाच्या डब्यात खुपसली. तेवढ्यात आजी भाकरीला पीठ घ्यायला आली. "अवो, ह्यात काय शोधताय?" आबांनी बाटली काढून गोधडीच्या घडीत घातली. आजीने तीच गोधडी उन्हात टाकायला उचलली. आबांनी बाटली कोंबडीच्या डालग्यात सारली. आत कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, तिने मनगटाला कचकन चोच मारली. जीप वळणावर आली. आणि तेव्हाच आबांना उसाच्या कडेचा पिंजरा दिसला.

दिवाळीच्या सुमारास बिबट्याने वस्तीवरचं कुत्रं नेलं, म्हणून वनखात्याने तो लावला होता. पुढे बिबट्या इकडे फिरकलाच नाही. आमिषाची शेळी ज्याची त्याने परत नेली. पिंजरा मात्र दार वर करून तसाच उभा राहिला. पोरंठोरंसुद्धा त्याच्या जवळ जात नसत. पोलीस घर धुंडाळतील, उकिरडा उकरतील. पण बिबट्याच्या पिंजऱ्यात हात घालायची छाती कुणाची आहे? आबांना आपलं आपल्यालाच कौतुक वाटलं.

ते पिंजऱ्याशी गेले, सवयीने वहाणा काढून दारात ठेवल्या, वाकून आत शिरले आणि मागच्या जाळीपलीकडे, शेळीच्या कप्प्यात बाटली सरकवली. परत फिरताना पाय पाल्याखाली लपवलेल्या, दार पाडणाऱ्या पाटीवर पडला.

धाडकन दार खाली आलं.

आता घाबरायला एवढं पुरे होतं. पण जीप घराकडे वळलीच नाही, सरळ पिंजऱ्याकडेच आली. ती पोलिसांची नव्हतीच. बिबट्याने आता आंबेगावच्या बाजूला त्रास मांडला होता, म्हणून वनखात्याचे लोक हाच पिंजरा न्यायला आले होते. आबांना आतून फक्त खाकी दिसली. त्यांनी घोंगडी डोक्यावरून ओढली आणि कोपऱ्यात मुटकुळं करून बसले.

जीपमधून मोहिनी नावाची वनरक्षक उतरली आणि जागीच थांबली. "दार पडलंय. आत काहीतरी आहे."

घोंगडीची खरखरीत लोकर नेमकी आबांच्या दुखऱ्या कमरेला घासली. त्यांनी दात आवळले, तरी कळ बाहेर आलीच. "हंऽऽऽ..."

"म्याडम!" ड्रायव्हर जीपमागे पळाला. "काळा हाय!"

मग काय विचारता! काळा वाघ घावला ही बातमी वस्तीवरून गावात पोचायला वेळ लागला नाही. भाकरी तव्यावर टाकून बाया आल्या, ट्रॅक्टर चालू ठेवून गडी आले. मोबाइल वर धरून सगळे दबक्या पावलांनी पुढे सरकत होते आणि पिंजऱ्यातून "हंऽऽ" आलं की दुप्पट वेगाने मागे जात होते. पार डिंगोरे गावाहून कुणाच्या तरी मेव्हण्याचा फोन आला, "भाऊ, जरा जवळनं दाव की!"

हे पोलीस नाहीत, हे आबांना एव्हाना कळलं होतं. खरं तर तेव्हाच घोंगडी काढायची. पण काढली की पहिला प्रश्न, "आबा, आत कशाला गेलात?" आणि त्याचं उत्तर मागच्या कप्प्यात पडलेलं होतं. लोक कंटाळून जातील, मग बघू, असं ठरवून आबा गप्प राहिले. मुलांनो, वाघ बघायला आलेला गाव कंटाळून घरी गेल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का?

लोक गेले नाहीत. बिबट्यांचे डॉक्टर मात्र आले. त्यांनी भुलीची सुई फुंकून मारायची नळी काढली. "नर दिसतो. वयस्कर आहे. कण्हतोय. वजन किती असेल याचं?"

"साठेक किलो असेल, सर," मोहिनी म्हणाली.

"काळा वाघ लई खतरनाक असतो, डाक्टर," गर्दीतून सोपान ओरडला. "डबल डोस द्या!"

घोंगडीआड आबांनी अंग आणखी आखडून घेतलं. बोलावं तर तुरुंग, न बोलावं तर सुई. त्यातून डॉक्टर उभे होते ते नेमके नागिणीच्या बाजूला. डॉक्टरांनी नळी ओठाला लावली.

"थांबा!"

दप्तरासकट अक्षदा गर्दीतून घुसली. शाळा सुटून ती नुकतीच येत होती. तिने पिंजऱ्याच्या दाराकडे बोट दाखवलं. "डॉक्टर, वाघ वहाना काढून आत जातो का?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. दाराशी वहाणांचा जोड होता. अगदी शेजारी शेजारी, देवळाबाहेर ठेवावा तसा.

घोंगडीतून आवाज आला, "अक्षे, गप की गं."

डॉक्टरांच्या हातातली नळी खाली आली. गर्दीत दोघे-तिघे अजून मोबाइलवर, "वाघ बोलतोय!" असं सांगत होते. आजी पुढे धावली.

"अवो! आत काय करताय?"

"बसलोय," आबा म्हणाले.

मोहिनीने वाकून पिंजऱ्यात नजर फिरवली, मागे जाऊन बाहेरूनच शेळीच्या कप्प्यात हात घातला आणि बाटली काढली. हिरवं पान सगळ्या गावाने पाहिलं.

"ही ठिवाय आत गेला व्हय?" आजीने कपाळाला हात लावला. "अवो, ह्या बाईवानी भाईरनं हात घालून ठिवता आली नसती?"

आबांना हे सुचलंच नव्हतं.

आता दार उघडायचं एवढंच राहिलं होतं. पण मोहिनीने साहेबांना फोन लावला होता आणि साहेब म्हणत होते की पिंजऱ्यात सापडलेल्याचा पंचनामा झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. "साहेब, आत माणूस आहे." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "नियमात माणूस नाहीये. थांबा, विचारून सांगतो."

आणि त्या थांबण्यात पिंजऱ्याभोवती सभा भरली.

"गांजा तो गांजा," सोपान म्हणाला. "आज आबाला औषिध म्हनून सोडलं, की उद्या सगळ्या कालेजाला नागीन उठंल."

लोक हसले. पण मागून एक बाई म्हणाली, "हसू नका. माझ्या भावाचं घर बसलं पोराच्या ह्या नादानं. गेलं ते पोरगं परत आलं न्हाई."

आजी तिच्याकडे वळली. "तुजं खरं हाय, बाई. पर मी काय चिलीम भरून देते का? वरीसभर ह्यो मानूस झोपला न्हवता. भितीला पाठ लावून बसायचा, रडायचा. तवा न्हाई आलं कुनी पंचनामा कराय."

डॉक्टरांनी आपली नळी वर धरली. "या सुईतलं औषधसुद्धा शहरात लोक नशेसाठी चोरतात. म्हणून मी ते फेकून देऊ? जखमी बिबट्याला टाके कसे घालू? म्हणून मी ते कुलपात ठेवतो आणि थेंबाथेंबाचा जाब देतो. पानाचं हे औषध चिठ्ठीवर मिळतं, ते त्याचसाठी."

"पर वाघ काय नशा करत न्हाई," सोपान म्हणाला.

"चिठ्ठी खोटी बी मिळती, डाक्टर," दुसरा म्हणाला.

"मंग खोटी देनाऱ्याला धरा, आबाला का?" तिसरा म्हणाला.

"तसं आसल तर माझ्या गुडघ्याला बी द्या की एक चिठ्ठी!" एक म्हातारा पुढे सरसावला.

"बाबा, मी जनावरांचा डॉक्टर आहे."

"चालंल की!"

मग जो तो बोलू लागला. अर्धा गाव उसाच्या बाजूला झाला, अर्धा जीपच्या. कुणी कायदा सांगत होतं, कुणी सरकारला शिव्या देत होतं, कुणी आपली पाठ उघडी करून दाखवत होतं. "फेका हिरीत ती बाटली!" असंही कुणीतरी ओरडलं. मोहिनीला फोनवरचं काही ऐकू येईना. एक कान बंद करायला हात मोकळा हवा म्हणून तिने बाटली जीपच्या बॉनेटवर ठेवली.

चार वाजून गेले होते. आबांची कमर पेटली होती. घोंगडी बाजूला टाकून ते गजांना धरून उभे होते. तुरुंगाची भीती आता कुठल्या कुठे गेली होती. एकच धास्ती उरली होती: ही माणसं भांडता भांडता बाटली खरंच विहिरीत टाकतील, आणि तिच्याबरोबर आपली झोप, आपली मेंढरं, सगळंच बुडेल. त्यांची नजर बॉनेटवरून हलत नव्हती.

"आरं, मला कुनी इचारतंय का?" ते म्हणाले.

कुणीच विचारलं नाही. गाव त्यांच्याविषयीच बोलत होता, त्यामुळे त्यांचं ऐकायला कुणाला सवड नव्हती.

अक्षदाने दप्तर खाली ठेवलं. ती जीपपाशी गेली, टाचा उंचावून बाटली घेतली आणि पिंजऱ्याजवळ आली. टोपण फिरवलं. गजांमधून हात आत घातला.

"आबा, जीभ वर करा."

आबांनी लहान मुलासारखं तोंड उघडलं. तिने एक थेंब सोडला. थांबली. दुसरा सोडला. आबांनी डोळे मिटून घेतले.

पुढच्यांनी पाहिलं आणि ते बोलायचे थांबले. मग त्यांच्या मागचे थांबले. सोपान एकटाच, "आन् म्हनूनच मी म्हनतो..." असं म्हणत राहिला आणि आपलाच आवाज ऐकू आल्यावर तोही थांबला.

अक्षदाने टोपण घट्ट लावलं, मोहिनीपाशी जाऊन बाटली तिच्या हातात ठेवली.

"धरा, ताई. आता चालू द्या तुमचं."

आणि पिंजऱ्यावर चढून ती एकटीच दार वर उचलायची साखळी ओढायला लागली.