रुमालाखाली काय चाललंय?

काष्टीच्या हायस्कुलात मराठी शिकवणारे वाल्मिक सर एका बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसत. लेखकाला काय म्हणायचंय, हे त्यांना बरोबर कळायचं! बावीस वर्षं ते पोरांना हेच शिकवत होते. एकदा एका मुलीनं पेपरात लिहिलं, 'कवी रात्रभर चंद्राकडे बघतो, कारण त्याला ढेकूण चावत असावेत.' सरांनी तिला भोपळा तर दिलाच, वर वडिलांनाही बोलावून घेतलं. "कवीच्या मनात ढेकूण नव्हता!" सर टेबलावर मूठ आपटून म्हणाले. त्या बिचाऱ्याला वाटलं, पोरीनं शाळेत ढेकूण आणले. त्यानं माफी मागितली आणि घरी जाऊन गाद्या उन्हात टाकल्या.

असा माणूस स्वतःच लिहायला लागला, तेव्हा काय झालं असेल बघा!

"आता लेखक मीच!" ब्लॉग सुरू केला त्या दिवशी सरांनी बायकोला, अश्विनीला, ऐकवलं. "आता कोण वेगळा अर्थ काढतो तेच बघतो!"

"आधी कुणी वाचू तर द्या," अश्विनी मेथी निवडता निवडता म्हणाली.

ब्लॉगचं नाव 'बाजारतळ'. वाचक अकरा. त्यातले सात शाळेतले, आणि त्यांना मधल्या सुट्टीत सर गाठून विचारायचे, म्हणून वाचणारे. तरी सरांनी जिद्दीनं एक लांबलचक कथा भागाभागानं टाकायला घेतली. नाव होतं 'रुमाल'.

आता हा रुमाल काय, ते तुम्हाला सांगायला हवं. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोन हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, हातावर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. अमुक बोट धरलं की अमुक भाव, मूठ धरली की तमुक. शेजारी उभ्या राहिलेल्याला ताकास तूर लागत नाही. सरांचे वडील बन्सीअण्णा चाळीस वर्षं हेच करत आलेले; बायको मागंच वारलेली. मिशा अशा वळलेल्या की त्यांना छत्री टांगावी! शेजारच्या गावची छबूबाई नवऱ्यामागं त्याच धंद्यात उतरलेली. अख्ख्या बाजारात बाई हेडी ती एकटीच, आणि मनगटावर नवऱ्याचं भलंमोठं घड्याळ. दर शनिवारी काष्टीच्या बाजारात लिंबाखाली अण्णा आणि छबूबाई रुमाल टाकून बसत. सर समोरच्या हॉटेलातून चहा पीत बघत, आणि वहीत टिपून घेत.

तेच त्यांनी कथेत घातलं. अण्णांचं केलं तात्या, छबूबाईचं केलं अक्का. मिशा आणि घड्याळ मात्र तसंच ठेवलं. वास्तववाद म्हणून!

'तात्यानं रुमाल टाकला,' सरांनी लिहिलं. 'अक्काचा हात हातात आला. त्यानं एक बोट दाबलं. अक्कानं मान हलवली. त्यानं दुसरं दाबलं. अक्का डोळे मिटून राहिली.'

रुमालाखाली काय चालतं, ते सरांनी कुठंच सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? काष्टीत पाळण्यातल्या पोरालाही ते ठाऊक! इथंच सरांचा पाय घसरला.

कारण पुण्यात एका कंप्युटरच्या कंपनीत काम करणारी निकिता नावाची मुलगी होती. तिला पाळण्यात असताना हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं कथा वाचली, ढसाढसा रडली आणि मोबाईलवरून शंभर मैत्रिणींना पाठवली. 'इतकं अबोल प्रेम मी आजवर वाचलं नव्हतं! रुमाल म्हणजे समाज. आणि त्याखाली दोन थकलेले हात!'

चार दिवसांत अकराचे नऊ हजार वाचक झाले! सरांना आधी आनंदानं जेवण जाईना. मग त्यांनी अभिप्राय वाचले, आणि प्यायलेलं पाणीही वर यायला लागलं. कथेतल्या बैलाचं एक शिंग मोडकं होतं, ते म्हणजे अक्काचं वैधव्य. तात्याचा चहा गार झाला होता, ते म्हणजे वाया गेलेलं तारुण्य. वास्तविक त्या हॉटेलात चहा गारच मिळतो!

"अहो, पण चाललंय तर चालू द्या ना," अश्विनी म्हणाली. "नऊ हजार लोक वाचतायत."

"नऊ हजार लोक चुकतायत!" सर कडाडले, आणि त्यांनी खुलासा लिहिला. 'सदर कथा पशुबाजारातील व्यवहारपद्धतीवर आहे. रुमाल म्हणजे रुमाल. बोट म्हणजे भाव. कळावे.'

खुलाशाला कथेपेक्षा दुप्पट वाचक मिळाले. 'बोट म्हणजे भाव! काय ओळ आहे!' एकीनं लिहिलं. दुसरीनं लिहिलं, 'सरांवर गावातून दबाव येतोय. आपण त्यांच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे.' निकितानं लगोलग 'रुमाल परिवार' नावाचा ग्रुपच काढला.

सर हट्टाला पेटले. 'एक साधा वाचक' असं खोटं नाव घेऊन ते त्या ग्रुपात शिरले आणि त्यांनी ठणकावलं, 'यात प्रेमबिम काही नाही. हा बैलाचा सौदा आहे.'

दोन मिनिटांत निकिताचं उत्तर आलं. 'दादा, कथा पुन्हा एकदा शांतपणे वाचा. लेखकाला काय म्हणायचंय, ते तुम्हाला कळलेलं नाही.'

आणि तिनं सरांना ग्रुपातून काढून टाकलं!

बावीस वर्षांत सरांना असं कुणी बोललं नव्हतं. अश्विनी पदर तोंडाला लावून आत गेली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून नुसता खोकल्याचा आवाज येत राहिला.

इथवर ठीक होतं. पण सरांनी कथेचा पुढचा भाग लिहीपर्यंत परिवाराला दम निघेना. त्यांनी स्वतःच शेवट लिहिला! तात्या आणि अक्का पळून जातात, मधला कर्जत तालुका बैलावर बसून पार करतात आणि खर्ड्याच्या किल्ल्यात लग्न लावतात. सोबत कुणीतरी चित्रही काढलं होतं. चित्रात मिशा होत्या. घड्याळही होतं.

ते चित्र फिरत फिरत काष्टीतल्या मोबाईलांवर आलं, आणि दुसऱ्या दिवशी छबूबाईचा मुलगा करण टेम्पो घेऊन सरांच्या दारात उभा!

"मास्तर, माज्या आईचं लगीन कुनी लावलं?"

"मी नाही! वाचकांनी लावलं!"

"मंग वाचकान्ला बोलवा भाईर!"

"ते पुण्यात आहेत!"

"मला काय सांगू नका. लोकं हसायलीत. आई म्हनती, आता बाजारला येनार न्हाई, तुमच्यामुळं!"

ती खरंच आली नाही. त्या शनिवारी लिंबाखाली अण्णा एकटेच बसून आले. पुढच्या शनिवारी ते गेलेच नाहीत. सरांना वाटलं होतं, अण्णा शिव्या घालतील, काठी उगारतील. अण्णा काहीच बोलले नाहीत. अर्धी भाकरी खाऊन उठायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. चाळीस वर्षांत ज्या माणसानं तापातसुद्धा बाजार चुकवला नव्हता, त्याचा बाजार पोरानं चार भागांत उठवला होता. सरांना फार वाईट वाटलं. नऊ हजार वाचकांचं त्यांना ओझं व्हायला लागलं.

मग त्यांनी ठरवलं, हे प्रकरण निस्तरायचं ते सगळ्यांसमोर! निकिताला त्यांनी खऱ्या नावानं निरोप धाडला, 'शनिवारी काष्टीला या. रुमालाखाली काय चालतं ते डोळ्यांनी बघा.' मग ते छबूबाईच्या घरी जाऊन हात जोडून उभे राहिले. "एकदाच या. सगळ्यांदेखत अण्णांशी सौदा करा, काय ठरलं ते मोठ्यानं सांगा. की सगळ्यांची तोंडं बंद!"

करणनं अट घातली. "मी सोता हजर ऱ्हानार. अन् त्या पुन्याच्या बाईनं माफी लिवून द्यायची."

घरी येऊन सरांनी अण्णांना सांगितलं. अण्णा भिंतीकडून या अंगावर वळले.

"ती येनार हाय का?"

"येणार आहेत."

अण्णा उठून बसले. शनिवारी सकाळी त्यांनी दाढी केली, मिशांना तेल लावलं आणि नवं धोतर काढलं. 'बघा, व्यवहाराची किती ओढ!' सर मनात म्हणाले.

लिंबाखाली ही गर्दी! निकिता अकरा जणींना घेऊन आली होती. प्रत्येकीच्या गळ्यात रुमाल. करण हाताची घडी घालून खांबासारखा उभा. छबूबाई आली, खाली बघतच अण्णांसमोर बसली. सरांनी छडी घेतली. वर्गात उभं राहिल्यावर जो आवाज लागतो, तो त्यांना आपोआप लागला.

"लक्ष द्या! आता रुमाल टाकला जाईल. बोटांनी भाव होईल. यात भावना, प्रतीक, समाज वगैरे काही शोधायचं नाही! अण्णा, सुरू करा."

अण्णांनी रुमाल टाकला. दोघांचे हात खाली गेले.

एक मिनिट गेलं. पाच गेली. दहा गेली! दोघं बोलत नव्हती, हलत नव्हती. निकिताच्या डोळ्यांना धार लागली.

"बघा!" सर छडी उगारून म्हणाले. "याला म्हणतात घासाघीस! कसलेले हेडी आहेत. झालं का अण्णा? ठरला सौदा?"

"आं? व्हय. ठरला."

"कोणत्या बैलाचा?"

"त्यो... तांबड्या," अण्णा म्हणाले.

"पांढऱ्या," छबूबाई त्याच क्षणी म्हणाली.

लिंबाखाली चिडीचूप झालं. एक बैल तेवढा कुठंतरी हंबरला, पण तो दुसऱ्याचा होता.

"कुटला पांढरा?" करण म्हणाला. "आई, आपली शेवटची जोडी इकून टॅक्टर घेतल्याला तीन वर्सं झाली!"

सरांनी अण्णांकडे बघितलं. मग त्यांना आठवलं, की आपल्या गोठ्यात आता आपली मोटारसायकल असते. रोज संध्याकाळी आपणच ती तिथं लावतो! अण्णांनीसुद्धा तीन वर्षांत एक शेपूट विकलं नव्हतं की घेतलं नव्हतं. सरांनी छडी हळूच पाठीमागं धरली.

"सर!" निकिता गहिवरून म्हणाली. "हे तुम्ही आम्हाला मुद्दामच सांगितलं नव्हतं ना? आम्ही स्वतः शोधावं म्हणून?"

सर चष्मा काढून पुसायला लागले.

"बसतो आमी!" छबूबाईनं एकदम मान वर केली. "हात धरून बसतो. कुनाचं काय घेतलंय? घरी टीवी बोलतो, मोबाईल बोलतो. मानूस कुनी बोलतंय का? हितं शनवारचं बसलं, की जीवाला बरं वाटतं."

"मंग मला सांगायचं न्हाई व्हय, आई?" करणचा आवाज खाली आला होता.

"सांगाया तोंड उघडलं की तू म्हनतोस, थांब, टेम्पो भरायचाय."

करणनं घडी घातलेले हात सोडले. त्या हातांचं आता काय करायचं ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं आईच्या पाठीवरचं लिंबाचं पान उचललं आणि खिशात घातलं. माफीचं कुणी काढलं नाही.

"वाल्मिक," अण्णा म्हणाले, "हिकडं ये. हात आन."

सर पुढं होऊन गुडघ्यावर बसले. अण्णांनी रुमाल उचलला, त्यांचा हात खाली घेतला आणि धरला. राठ, उबदार हात. सर पहिलीत असताना शाळेच्या दारापर्यंत अण्णांनी असा हात धरला होता, त्यानंतर आजच.

अण्णांनी त्यांची दोन बोटं घट्ट दाबली.

सरांनी बाजारावर चार भाग लिहिले होते, पण आजवर रुमालाखाली हात काही घातला नव्हता! दोन बोटं? दोन म्हणजे काय? सरांचं मन भराभर धावायला लागलं. दोन म्हणजे दोन जीव! दोन एकटी माणसं! उतारवयातली सोबत! बाप पोराकडे परवानगी मागतोय, आणि तीही तोंडानं नाही, धंद्याच्या भाषेत! सरांचे डोळे भरून आले. चष्मा धुकटला.

"अण्णा," ते कसेबसे म्हणाले, "माझी संमती आहे!"

मागं निकितानं हुंदका दिला. अकरा रुमाल डोळ्यांना लागले.

अण्णांनी पोराचा हात सोडून दिला.

"संमती कसली? दोन चा सांग म्हनलं. एक बिनसाकरंचा, तिला शुगर हाय. अन् जाताना ही जत्रा संगं घिऊन जा!"