अंबादास मास्तरांचं विरजण

लग्न होऊन मी घनसावंगीला आले, त्याच आठवड्यात दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवरून एक हात आत आला. तळव्यावर ज्वारीचा दाणा होता.

"सूनबाई, हे जानदार का बेजान?"

मी म्हटलं, "बेजान."

"मंग पेरून पाह्य," असं म्हणून हात मागे गेला. अंबादास मास्तरांची आणि माझी ओळख झाली ती अशी. नाव-गाव त्यांनी नंतर विचारलं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि शाळा उर्दूतून चाले. मास्तर तिथे विज्ञान शिकवत, आणि शाळा सुटली की गावाला शिकवत. प्रत्येक जिवाचा त्यांच्याकडे एक खाना, म्हणजे कप्पा, ठरलेला. प्राणी ते हैवान, झाडंझुडपं ती नबात आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, खुर्दबिनीच्या भिंगाखालीच दिसणारे ते जरासीम. माणसंही यातून सुटत नसत. बसून खाणारे आमचे चुलतसासरे नबातांत, बांडगुळाच्या जमातीत. वसुलीचा गिरदावर म्हणजे गोचीड. हे मात्र ते गिरदावराचा घोडा वेशीबाहेर गेल्यावर सांगत.

खाना ठरवताना त्यांना छळलं ते एकट्या देवीच्या रोगाने. "याचा व्हायरस खुर्दबिनीतून बी दिसत न्हाई," ते सासूबाईंना सांगत होते. "बाहेर पडून राह्यला तर नुस्ता धोंडा. कोणाच्या अंगात घुसला की एकाचे हजार. आता याला बसवू कुठं?"

"आमच्या दिराला बसवलं तिथंच बसवा," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी त्यावर बराच वेळ विचार केला.

एकदा त्यांनी शाळेची खुर्दबीन घरी आणून मला दह्याचा थेंब दाखवला. आत बारीक काड्याच काड्या होत्या. "हे आपले दोस्त. यांच्यामुळंच दही लागतं," ते म्हणाले. दोस्त असले तरी पुढे कितीतरी दिवस मला दही गिळवलं नाही.

पण या दोस्तांच्या बाबतीत मास्तर भारी कडक. दुसऱ्याच्या घरचं विरजण म्हणजे दुसऱ्याच्या घरचे जरासीम, म्हणून घ्यायचं नाही आणि द्यायचं तर बिलकुल नाही. स्वतः मात्र रोज न चुकता दही लावत. खोकला होतो म्हणून खात नसत. ते दारातला कुत्रा खाई.

"मग लावता कशाला?" मी एकदा विचारलं.

"हे विरजण तिच्या हातचं हाय," ते म्हणाले. 'ती' म्हणजे त्यांची बायको, गोदाबाई. मी यायच्या आधीच ती तापाने गेली होती. "रोज चमचाभर मागं ठेवतो, नव्या दुधाला लावतो. पिढ्या बदलल्या, खानदान तेच. एक दिवस खंड पडला की संपलं."

आणि खंड पडला. दिवेलागणीला पलीकडे मडकं फुटल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर मांजरीने शिंकं पाडलेलं, दही चुलीच्या राखेत गेलेलं, उरलेलं कुत्रा चाटत होता. मास्तर खापऱ्यांपाशी बसले होते. त्यांना जरा बोलतं करावं म्हणून मी विचारलं, "मास्तर, मांजर कोणत्या खान्यात?" ते एकेक खापरी उचलून जुळवत राहिले. मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. आमच्याकडे दिवा लागल्यावर विरजण घराबाहेर जात नसे, लक्ष्मी जाते म्हणून. सख्ख्या नणंदेलाही त्यांनी एकदा रिकाम्या वाटीने परत पाठवलं होतं. पण त्या उठल्या, वाटीत दही काढलं, पदराखाली झाकलं आणि भिंतीशी जाऊन मास्तरांना हाक मारली.

"घ्या. गोदाबाईचंच हाय."

"तिचं? तुमच्याकडं?" मास्तर म्हणाले. "मी तर तिला मनाई केल्ती."

"केल्ती. तुम्ही शाळेत गेल्ते तवा माझं दही नासलं, मंग तिनं इथूनच वाटी दिली. तवापासून आमच्याकडं तेच लागतंय. तुमची मनाई शाळेतल्या पोरांसाठी, मास्तर."

मास्तरांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

सकाळी मी अंगण झाडत होते. भिंतीवरून हात आला. हातात आमचीच वाटी, काठोकाठ घट्ट दह्याने भरलेली.

"सूनबाई," मास्तर म्हणाले, "जानदार."