ठेक्यावर मिचमिचणारे दिवे

गाडीत एक अँप्लिफायर बसवावा, एवढंच फोल्केच्या मनात आलं होतं. (माणसाच्या मनात याहून वाईट विचारही येतात, पण त्यांनी गाडीची बॅटरी बसत नाही.)

दुकानदाराने बजावलं होतं, "एवढ्या मोठ्या अँप्लिफायरला गाडीची मूळची वीज पुरायची नाही. वीज बनवणारा अल्टरनेटर मोठा घ्या, जाड वायर घ्या." पण फोल्के वखारीत हिशेबनीस. दुकानदार नको ते गळ्यात मारतात, हे तो ओळखून होता! त्याने घरीच वायरी जोडल्या आणि डिकीत भलामोठा स्पीकर ठेवला.

"डिकीत फ्रीज कशाला?" बायकोने, माइकेनने विचारलं.

"फ्रीज नाही गं, संगीत आहे ते!"

"मग पोरीचे बूट कुठे ठेवू?"

टायरा त्यांची लेक. यंदा संत लुसियाच्या दिव्यांच्या सणात लुसिया होण्याचा मान गावाने तिला दिला होता. पांढरा झगा घालून, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट मिरवत चर्चमध्ये सगळ्यांच्या पुढे चालायचं! आठवडाभर पोरगी झोपेतसुद्धा गात होती.

लुसियाचा दिवस उजाडला. (उजाडला असं आपलं म्हणायचं. डिसेंबरात आमच्याकडे दुपारच्या कॉफीलाच दिवे लावावे लागतात.) तिघं निघाले. गाडीचे दिवे चालू, हीटर चालू, सीटही गरम. फोल्केने ऐटीत गाणं लावलं. धम्म! धम्म! माइकेनची कवळी हलली.

थोड्या वेळाने समोरच्या गाडीने दिवे मिचकावले. मग दुसरीने. तिसरीने तर करकचून ब्रेक मारला.

"आज सगळे मला दिवे का मारतायत?" फोल्के गोंधळला.

"पुढे एल्क असेल," माइकेन म्हणाली. आमच्या रानात हाच रिवाज. रस्त्यावर ते घोड्याएवढं हरीण दिसलं, की समोरच्याला दिवे मिचकावून सावध करायचं.

फोल्केने गाडी गोगलगाईसारखी चालवली. मागे रांग लागली. समोरच्या गाड्याही जागीच थांबल्या. एल्क मात्र कुठेच नव्हता! गाडी जितकी हळू, तितकी वीज कमी, हे फोल्केच्या गावीही नव्हतं. शेवटी एक मोठा धम्म झाला, नि गाणं, दिवे, इंजिन, सगळं एकदम गप्प झालं.

"बाबा, माझा मुकुट!" टायरा रडायलाच लागली. "आता दुसरीच कुणी लुसिया होणार!"

"फोल्के, पोरगी वेळेवर पोहोचली नाही ना, तर तू त्या फ्रीजमध्येच राहायचं!"

तेवढ्यात जीप घेऊन शिकारी रागनवाल्ड आला. गाडीची धडक बसून जखमी झालेले एल्क शोधून काढणं हे त्याचं काम. कुणीतरी त्याला फोन केला होता. खांद्याला बंदूक, हातात कुत्र्याची साखळी.

"कुठंय जनावर? सगळे म्हणतात, तुमच्याच गाडीने इशारा दिला."

"आम्ही? छे हो! इशारे तर आम्हाला मिळत होते!"

"तुमचे दिवे सारखे मिचमिचत होते ना?"

"नाही!" फोल्के म्हणाला.

"हो," टायरा हुंदके देत म्हणाली. "प्रत्येक धम्मला. मला वाटलं, बाबांनी मुद्दामच तसं बसवलंय."

फोल्के उतरून दिव्यांकडे बघायला लागला. म्हणजे या रानात तासभर एल्कच नव्हता? म्हणजे ते सगळे त्याला घाबरून, आणि तो त्यांना घाबरून? त्याला दुकानदाराची जाड वायर आठवली.

"रागनवाल्ड, माझ्या लेकीला आधी चर्चला पोहोचवा हो," माइकेन म्हणाली.

"पोहोचवतो की! आणि रडू नकोस पोरी. पाद्रीबाबांचीच गाडी मागे रांगेत अडकलीय. ते नाहीत तर सुरुवात कोण करणार?" त्याने जीपचं दार उघडलं. टायरा मुकुट सांभाळत हसत चढली.

कुत्रा मात्र हलेना. त्याने रस्ता हुंगला, गाडी हुंगली, आणि थेट फोल्केसमोर बसून भुंकायला लागला.

"वहिनी," रागनवाल्ड डोकं खाजवत म्हणाला, "माझा कुत्रा कधी चुकत नाही. याचं काय करू?"

माइकेनने नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"आज सोडून द्या," ती जीपमध्ये चढत म्हणाली. "घरी आल्यावर मीच बघते."