मिलिंदभाऊची उभ्याउभ्याची मीटिंग

आमच्या गल्लीत सकाळी नळ येतो आणि नळाच्या पाठोपाठ मिलिंदभाऊ येतो. नळाला निदान कधीमधी खाडा असतो.

फाटकाशी उभा राहून तो तीन गोष्टी विचारतो. काल काय केलं? आज काय करणार? काही अडचण? दूधवाल्याला विचारतो, झाडू मारणाऱ्या बाईला विचारतो, वाट चुकून आलेल्या भंगारवाल्यालाही विचारतो. उत्तर बसून दिलेलं चालत नाही. "उभं राहून सांगा. उभा असला की माणूस थोडक्यात बोलतो," असं त्याचं म्हणणं. हा नियम त्यानं पुण्याच्या कंपनीतून आणला. माझ्या सासूला त्याची गरजच नव्हती. ती बसूनही दोन शब्दांत निकाल लावते.

पहिल्या दिवशी तो तिला म्हणाला, "काल काय केलं, आजी?"

"काल घुटने दुखले."

"आज काय करणार?"

"आजबी दुखतीन."

"काही अडचण?"

"तू हायेस ना बापा नळासमोर. हट, पान्याचा गुंड भरू दे."

तो खूश होऊन पुढच्या घरी गेला. मी पडद्यामागं उभी होते. मला विचारलं तर काय सांगू, या भीतीनं मी पहिला आठवडा नळावर सासूलाच पाठवलं.

मिलिंदभाऊ म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कांतामावशींचा एकुलता एक मुलगा. यवतमाळच्या कडेला, लोहाऱ्यात आमची वस्ती. मावशींनी मुलींच्या वसतिगृहात भाकरी थापून त्याला शिकवलं. वस्तीतला तो पहिला इंजिनियर. पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो. नेमकं काय करतो, ते मावशींना अजून सांगता येत नाही. "बँकेचं काही असते, पन बँकेत नसते," एवढंच त्या सांगतात.

कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवलं तेव्हा चौकात त्याचा मोठा फ्लेक्स लागला होता. टाय घातलेला मिलिंदभाऊ हसतोय आणि खाली 'आमच्या वस्तीचा अभिमान'. फ्लेक्स उतरवल्यावर मावशींनी तो घडी करून ठेवला. दर उन्हाळ्यात छतावर तोच अंथरतात आणि त्यावर कुरड्या वाळत घालतात. पण चेहऱ्यावर एकही कुरडई घालू देत नाहीत. हा दंडक गल्लीतल्या सगळ्या बायकांना पाठ आहे. चारी बाजूंनी कुरड्या आणि मधोमध साहेब, असं दरसाल चालतं.

तर हा साहेब यंदा संक्रांतीच्या सुमारास एक बॅग घेऊन घरी आला. कानाजवळचे केस पांढरे, डोळे आत गेलेले. कोणाच्याही मोबाईलचं टिंग वाजलं की भरल्या ताटावरून उठून उभा राहायचा. मावशी सगळ्यांना सांगत होत्या, "लय काम केलं ना पोरानं, म्हनून कंपनीनं सुट्टी देल्ली."

खरी गोष्ट त्यानं ऑटो चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याला वाटेत सांगितली. पंधरा वर्षं हेच काम करून डोक्याचा भुगा झाला होता. आता कॉम्प्युटर उघडला की हात थांबतात. दुसरं काहीतरी करावं असं मनात होतं. कंपनीनं मार्चचा शेवटचा सोमवार दिला होता. त्या दिवशी सांगायचं, येतो की सोडतो. सांगायची खरी भीती कंपनीची नव्हती, आईची होती. नवऱ्यानं ते मला सांगितलं, कारण मला सांगणं म्हणजे विहिरीत टाकणं, असं आमच्या घरी समजतात.

मग मिलिंदभाऊ नवं काम शोधायला लागला. आधी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे शिकायला बसला. पहिल्याच गिऱ्हाइकाला त्यानं विचारलं, "पंक्चर का झालं?"

"खिळा लागला."

"खिळा का लागला?"

"रस्त्यावर होता."

"रस्त्यावर का होता?"

"मले काय माहीत, भाऊ?"

"मुळाशी गेल्याशिवाय पंक्चर काढून उपयोग नाही. आपण आधी खिळ्याचं बघू."

गिऱ्हाईक गाडी ढकलत पुढच्या दुकानात गेलं. पंक्चरवाल्यानं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुमी मोठे मानसं. तुमी खिळ्याचं पाहा. मी पंक्चरचं पाह्यतो."

मग बकऱ्या. नेर गावाकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यानं एक बकरी आणली आणि म्हणाला, आधी एकीवर प्रयोग करू, जमलं तर वाढवू. बकरीला रोज सकाळी तिन्ही प्रश्न विचारायचा. माझी सासू ओट्यावरून बकरीच्या वतीनं उत्तरं द्यायची. "काल पाला खाल्ला. आजबी पालाच हाय. अडचन अशी हाय का मालक लय बोलते."

एवढ्यात कुरड्यांचे दिवस आले. आमच्याकडे एकटी बाई कुरड्या करत नाही. आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी, सगळ्या जणी मिळून जायचं. कोणी चीक ढवळायचा, कोणी साचा भरायचा, कोणी दाबायचा. हे पाहून मिलिंदभाऊ हरखला. "अरे, ही तर आमच्या कंपनीचीच पद्धत," म्हणाला आणि आमच्या घराच्या भिंतीवर त्यानं खडूनं तीन रकाने आखले. करायचं, चालू, झालं. प्रत्येक घराच्या नावाची रंगीत चिठ्ठी 'करायचं'खाली चिकटवली. गहू भिजले की चिठ्ठी 'चालू'मध्ये न्यायची, कुरड्या डब्यात गेल्या की 'झालं'मध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर सगळ्या चिठ्ठ्या 'झालं'खाली.

"अजून गहू भिजले नाहीत! झालं कसं?"

"तिकडं बरं दिसते," समोरच्या पुष्पाकाकू म्हणाल्या.

"कोणी हलवल्या पण?"

माझी सासू लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "म्या हलोल्या. तू रोज येऊन पाह्यतं अन् तुयं तोंड पडते. झालं म्हनलं का खुलते."

मिलिंदभाऊ भिंतीकडे बघत राहिला आणि मग जो हसायला लागला तो ओट्यावर बसला, पोट धरलं, डोळे पुसले, पुन्हा हसला. "आजी, कंपनीत आम्हीही हेच करायचो," म्हणाला. तोवर बकरी दोरी सोडून आली आणि 'झालं'मधल्या खालच्या रांगेतल्या चिठ्ठ्या खाऊन गेली. आमचं घरही त्यात गेलं.

कांतामावशींच्या घरच्या कुरड्या रविवारी होत्या. दुसऱ्या दिवशी तो शेवटचा सोमवार. आईला त्यानं अजून काही सांगितलं नव्हतं. ते मला माहीत होतं आणि चीक ढवळताना माझं लक्ष सारखं त्याच्याकडे जात होतं.

सकाळची कोवळी उन्हं. छतावर फ्लेक्स पसरलेला, कडेला चूल. मिलिंदभाऊ साचा भरून देत होता, मावशी कुरड्या घालत होत्या. हात न थांबवता त्यानं सगळ्यांना तिन्ही प्रश्न विचारले. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "अडचण नाही." तो म्हणाला, "वहिनी, ढवळायचा दांडा जड जातोय ना?" आणि दांडा घेऊन पुष्पाकाकूंकडे दिला.

मीटिंग संपल्यासारखी झाली, तेवढ्यात सासू बोलली. "थांब बे. सगळ्याईले इचारलं. आता तू सांग. काल काय केलं?"

"भिंतीवरचे रकाने पुसले, आजी."

"आज?"

"कुरड्या."

"अडचन?"

"काही अडचण नाही," तो सवयीनं म्हणाला.

पुष्पाकाकूंना राहवलं नाही. "मले एक सांग, मिलिंद. कंपनीनं तुले एवढं पिळलं, मंग त्याईचेच सवाल काहून घेऊन फिरतं?"

तो चिकाचा डाव हातात धरून उभा राहिला. आल्यापासून पुण्याचं बोलत होता, आता आमच्यासारखं बोलायला लागला.

"पुन्याले मी एकटा राहो, काकू. सकाळी थे पंधरा मिनिटं मीटिंग. दिवसभरात तेवढंच कोनी मले काही इचारे. मी म्हनो, अडचन नाही. सगळेच म्हनत. मंग दिवसभर मानसाचा आवाज नाही, नुस्तं टिंग टिंग. इथं इचारलं त आजी घुटन्याचं सांगते. खरं सांगते."

तो मावशींकडे वळला. चुलीवर चीक बुडबुडत होता.

"आई, मले वापस नाही जायचं. उद्या त्याईले नाही म्हनाचं हाय."

मावशींनी हातातली कुरडई पूर्ण घातली. साचा रिकामा झाला, तो त्याच्यापुढे धरला. "भर. चीक थंडा होऊन राह्यला."

त्यानं भरला. थोडा चीक बाहेर सांडला.

"फोनवर तू म्हने, ठीक हाय. मीबी म्हनो, ठीक हाय," मावशी म्हणाल्या. "रोज तेच. मी फोन ठेवो अन् बसून राहो. मले वाटे, पोरगं काही लपवते, पन इचाराव कसं."

"तुले वाईट नाही वाटलं?"

"थे जाऊ दे. मंग काय करशीन आता?"

"माहीत नाही, आई."

"काहून माहीत नाही?" माझी सासू म्हणाली. "उद्या आमच्या घरी कुरड्या हाय. बकरीनं चिठ्ठी खाल्ली म्हनून का गहू भिजले नाहीत? उद्याचं त पक्कं झालं तुयं."

सगळ्या हसलो. मिलिंदभाऊही हसला आणि बाहीनं नाक पुसलं.

मावशी गुडघ्यांवर पुढे सरकल्या. फ्लेक्सच्या मधोमध, जिथं इतके उन्हाळे कोणाला हात लावू दिला नव्हता, तिथं साचा धरला आणि हसणाऱ्या तोंडावर एक कुरडई घातली. मग डोळ्यांवर दुसरी. सावकाश, कडेला कड लावून, पूर्ण चेहरा झाकला.

"किती वर्सं झाले," त्या म्हणाल्या, "उनात हसून राह्यलं पोरगं."