पेटी क्रमांक एकोणीस

भिमाजी तिडके स्वतःची ओळख करून देताना आधी खाकरत, मग इकडे तिकडे बघत आणि मग हलक्या आवाजात सांगत, ‘मी गुप्तहेर आहे, पण हे कुणाला बोलू नका.’ असं त्यांनी मखमलाबाद रोडवरच्या बहुतेक सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. जे राहिले होते त्यांच्यासाठी फाटकावर पाटी होती : ‘भि. ल. तिडके, खासगी गुप्तहेर. नजर घारीची, नाक मुंगीचं, विश्वास बँकेचा.’ घारीच्या त्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मागच्याच वर्षी झाली होती. त्याच पाटीखाली दुसरी, लहान पाटी होती : ‘पिको-फॉल करून मिळेल.’ त्यामुळे गुप्तहेराकडे आलेल्या दहा जणींपैकी नऊ जणींच्या हातात साडी असे, आणि दहावी पत्ता विचारायला आलेली असे.

पिको-फॉलची पाटी त्यांच्या सुनेची, मोहिनीची. गुप्तहेराची सहायकही तीच. लग्नाआधी सटाण्याला असताना तिनं मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. पाहण्याच्या कार्यक्रमात हा विषय निघाला आणि नानांनी, म्हणजे तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, जागच्या जागी होकार देऊन टाकला. मुलाला विचारायचं अजून बाकी होतं. मुलगा सातपूरच्या कारखान्यात जाई आणि घरी आल्यावर, आज काय तपास लागला, हे न विचारण्याची काळजी घेई.

नानांची सारी नोकरी जकात नाक्यावर झाली होती. ट्रकवरची ताडपत्री न उचलता खाली काय माल आहे ते ओळखायचं, ही त्यांची ख्याती. ओळखलेलं बरोबर निघालं की चूक, हे ताडपत्री उचलल्याशिवाय कळत नसल्यानं ख्याती शेवटपर्यंत टिकली.

दोन हजार एकच्या जानेवारीत गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा नाशकात चौकाचौकात जुन्या कपड्यांच्या पेट्या उभ्या राहिल्या. मदतीचे ट्रक गेले, पेट्या तिथंच राहिल्या. कुणी त्यात कपडे टाकी, कुणी केळीची सालं. एका पेटीत मांजरीनं पिल्लं घातली आणि त्यावरून दोन मंडळांत भांडण झालं. शेवटी दिवाळीच्या आधी विभाग कार्यालयानं नियम काढले. प्रत्येक पेटीला क्रमांक, प्रत्येक पेटीवर जबाबदार व्यक्तीचं नाव लाल रंगात, दर मंगळवारी तपासणी. तीन तपासण्यांत पेटी रिकामी सापडली तर ती अनावश्यक समजून उचलण्यात येईल.

मखमलाबाद रोडच्या नाक्यावरची हिरवी पत्र्याची पेटी क्रमांक एकोणीस झाली. तिच्यावर नाव आलं सावित्रीबाई खैरनारांचं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, अर्धा रस्ता त्यांच्या हाताखाली पाढे शिकलेला. पेठ तालुक्यातल्या डोंगरातल्या दोन पाड्यांना त्यांनी शब्द दिला होता, थंडी पडायच्या आत कपडे पोचवते. लोकही देत होते. मोहिनीनं स्वतः सासूबाईंचा हिरवा विणलेला स्वेटर त्या पेटीत टाकला होता.

पहिल्या मंगळवारी निरीक्षक गांगुर्डे साहेब आले. किल्लीनं पेटी उघडली, तर आत काहीच नाही. दुसऱ्या मंगळवारी पुन्हा तेच. साहेबांनी वहीत ‘रिकामी’ असं लिहिलं आणि बाईंना नमस्कार करून गेले. तेही बाईंचेच विद्यार्थी होते, पण नियमात विद्यार्थ्यांविषयी काही नव्हतं.

त्या संध्याकाळी बाई तिडक्यांकडे आल्या. नाना त्यांना बघून उठून उभे राहिले आणि म्हणाले की तुम्ही चालत आलात, तुमची छत्री काळी आहे आणि तुम्ही कसल्या तरी काळजीत आहात. बाई म्हणाल्या, हो. नानांनी मोहिनीकडे विजयानं पाहिलं.

तपास दुसऱ्या दिवशी सुरू झाला. नानांनी पेटीच्या कुलपावर पावडर शिंपडली आणि भिंगातून पाहिलं. कुलपावर गांगुर्डे साहेबांचे ठसे सापडले. नंतर तिथं स्वतः नानांचेही सापडले, तेव्हा त्यांनी तो मुद्दा सोडून दिला. पेटीची मागची बाजू तेवढी बघायची राहिली, कारण मागे गटार होतं आणि नानांची चप्पल नवीन होती.

पहिला निष्कर्ष मालेगावचा निघाला. जुने कपडे उसवून सूत काढतात, ते मागावर चढवतात आणि नव्या लुंग्या करून नाशकातच विकतात, अशी साखळी नानांनी रात्रीच्या जेवणात वरणाच्या वाटीभोवती बोटानं काढून दाखवली. मग ते एसटीनं मालेगावला गेले. तिथल्या एका कारखानदारानं त्यांना चहा पाजला आणि समजावलं, की चाचा, एक जुना शर्ट उसवायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात माझा माग दहा शर्टांचं कापड काढतो. नाना परतले ते एक लुंगी घेऊन. मोहिनीला त्यांनी टाइप करायला सांगितलं : ‘पुरावा क्रमांक एक.’ पुढे तो पुरावा ते रोज रात्री नेसू लागले.

दुसरा निष्कर्ष कांद्याचा होता. देवळ्याकडे चाळीत साठवलेल्या कांद्याला ऊब लागते म्हणून कपडे तिकडे जातात. कांद्याला ऊब नाही, वारा लागतो, हे मोहिनीला माहेरच्या चाळीवरून माहीत होतं. तिनं तसं सांगितलं. नानांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले की गुन्हेगाराला हे माहीत नसेल.

तिसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी, सोमवारी, ते वेश पालटून पेटीसमोर बसले. भगवी कफनी, राख, माळ. नाशकात साधूकडे कोण बघणार, हा त्यांचा हिशेब. पण बायका पाया पडून गेल्या, एकानं मुलाची पत्रिका दाखवली, आणि दुपारपर्यंत समोर दीड डझन केळी जमली. मंगळवारी पहाटे उजाडताच ते पुन्हा जाऊन बसले आणि दिसेल ते वहीत टिपत राहिले. मोहिनीनं नंतर ते टाइप केलं. त्यात होतं : ‘सहा वाजता पेटीशेजारची फुलवाली नवसाबाई आली, बोचकं घेऊन. दुकान मांडलं. सव्वासहाला पाणी शिंपडायला पेटीमागे गेली. साडेसहाला बोचकं घेऊन मळ्याकडे परत. ओझं जड, सबब मी डोक्यावर द्यायला हात लावला. संशयास्पद काही नाही.’

दहा वाजता साहेब आले. पेटी रिकामी होती. साहेबांनी सांगितलं की येत्या मंगळवारी गाडी घेऊन येतो.

मोहिनीनं इथवर सगळं सोसलं होतं. केळी सुद्धा. पण त्या संध्याकाळी नानांनी तिसरा निष्कर्ष काढला आणि तो नेमका पानाच्या टपरीवर काढला. कुलपाच्या किल्ल्या दोन. एक कार्यालयात, एक बाईंकडे. म्हणजे उरलं कोण, असं त्यांनी नुसतं विचारलं, नाव घेतलं नाही. नाव पेटीवर लाल रंगात होतंच. दोन दिवसांत रस्ताभर झालं की खैरनार बाई कपडे विकतात. गुरुवारी बाई भाजी घ्यायला गेल्या तेव्हा कोथिंबीरवाली त्यांच्याशी नेहमीसारखं बोलली नाही. शनिवारी त्यांनी आपली किल्ली पाकिटात घालून मोहिनीकडे पाठवली आणि चिठ्ठीत लिहिलं की मंगळवारी मी येणार नाही, माझ्या वतीनं परत करावी. अक्षर फळ्यावरच्यासारखंच सुरेख होतं. ते बघून मोहिनीला आणखी वाईट वाटलं.

तिनं चिठ्ठी नानांपुढे ठेवली. नानांनी ती दोनदा वाचली, आणि चष्मा काढून पुसला. त्या रात्री ते लुंगी न नेसता निजले.

सोमवारी दुपारी नवसाबाई मोहिनीच्या दारात आली. पिको करायला नव्हे. एक स्वेटर पुढे करून म्हणाली, याला दोन गुंड्या कमी हायेत, असतील तर लावून दे.

मोहिनीनं स्वेटर हातात घेतला. हिरवा, विणलेला, डाव्या बाहीवर उलटा पडलेला एक टाका. तो टाका सासूबाईंनी तिच्यासमोर घातला होता आणि आपल्या मोतीबिंदूवर ढकलला होता.

‘नवसाबाई, हा कुठून आणला?’

‘पेटीतून.’

‘आणि बाकीचे कपडे?’

‘घरी हायेत. धुऊन ठिवलेत.’

मोहिनीनं मशिनचं पायडल सोडलं आणि तिला आत बसवलं. पाणी दिलं. मग हळूहळू एकेक विचारलं. नवसाबाई लपवत काहीच नव्हती. नियम निघाले तेव्हा कार्यालयाचा शिपाई भिकन पेटीवर कागद चिकटवून गेला. तिला वाचता येत नाही, म्हणून तिनं त्याला विचारलं, यात काय लिवलंय. भिकननं तिच्या कामाची तेवढी ओळ बोट ठेवून वाचून दाखवली : तपासणीच्या वेळी पेटी साफ असावी, अन्यथा लगतची दुकानं हटवण्यात येतील.

‘मंग मी दर मंगळवारी साफ करते,’ नवसाबाई म्हणाली. ‘येक चिंधी ठेवत नाय आत.’

पेटीच्या मागच्या दाराच्या बिजागरीला खिळाच नव्हता. पुढचं कुलूप कितीही मजबूत असलं तरी मागचा पत्रा हातानं निघत होता. नवसाबाई कपडे बोचक्यात बांधून मळ्यातल्या खोलीत नेई. लोकांचे दान दिलेले कपडे मळके कसे ठेवायचे, म्हणून विहिरीवर धुवी. फाटलेलं शिवी. कुणी तरी मागायला येईल तेव्हा द्यायचे, असं धरून चालली होती.

मोहिनी तिच्याबरोबर मळ्यात गेली. खोलीत झेंडूच्या टोपल्यांच्या मागे घड्यांचे ढीग होते. लहान मुलांचे वेगळे, साड्या वेगळ्या, लोकरीचे वेगळे, आणि त्यात कडुलिंबाचा पाला. मोहिनीला एकदम रडू आलं, मग हसू आलं. नवसाबाई घाबरून म्हणाली की माझं काय चुकलं का. मोहिनी म्हणाली की नाही, शब्द कुणाचा तरी चुकलाय.

तिथून ती थेट खैरनार बाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्या कागदाची प्रत आहे का तुझ्याकडे?’ प्रत होती. सहायकाला सगळ्याच्या प्रती ठेवाव्या लागतात.

मंगळवारी दहाला गाडी आली. नाक्यावर गर्दी होती, तिच्यात बाईही होत्या. नाना पुढे होऊन सांगू लागले की मला पहिल्यापासून फुलवालीवरच संशय होता, किंबहुना मी गुन्हेगाराला रंगेहाथ हात दिला होता. एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते थांबले. मग सगळ्यांसमोर ते बाईंकडे वळले. ‘बाई, टपरीवर मी जे बोललो ते माझ्या अकलेचं दिवाळं होतं,’ ते म्हणाले. बाईंनी मान हलवली. वर्गात उशिरा आलेल्या मुलाला आत घेताना त्या अशीच हलवत.

गांगुर्डे साहेब अडचणीत सापडले होते. कपडे मिळाले याचा त्यांना आनंद झाला, पण वहीत तीनदा ‘रिकामी’ लिहिलेलं होतं आणि वरिष्ठांची सही पडली होती. नियम म्हणजे नियम, पेटी उचलावी लागेल.

मोहिनी पुढे आली. आपला आवाज एवढा स्थिर निघेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

‘साहेब, कलम सात काय सांगतं?’

साहेबांनी वाचलं. ‘तपासणीच्या वेळी पेटी साफ असावी.’

‘होती ना?’

‘साफ म्हणजे स्वच्छ, हो. रिकामी नव्हे.’

‘मागच्या महिन्यात तुमच्या शेजाऱ्यांकडे चोरी झाली,’ मोहिनी म्हणाली. ‘चोरांनी कपाट काय केलं म्हणून सांगत होतात?’

कपाट साफ केलं, असंच साहेब सांगत होते आणि अर्ध्या नाक्यानं ते ऐकलं होतं. मोहिनी पुढे म्हणाली की कलम सात पाळलं तर पेटी उचलली जाते आणि नाही पाळलं तर दुकान उठतं. आता यातला कुठला नियम मोडायचा ते साहेबांनी लिहून द्यावं.

लिहून द्यायचं म्हटल्यावर साहेबांनी पेन खिशात ठेवलं. थोड्या वेळानं ते पुन्हा काढलं, वहीतल्या तिन्ही ‘रिकामी’वर काट मारून ‘साफ’ असं लिहिलं आणि सह्या केल्या. आलेली गाडी रिकामी पाठवणं बरं दिसेना, म्हणून ती मळ्यात नेली, कपडे भरले आणि बाईंना पुढच्या सीटवर बसवून पेठच्या रस्त्याला लावली. साहेबांनी त्या फेरीची नोंद कुठल्या कलमाखाली केली, हे मोहिनीला आजतागायत कळलेलं नाही.

आठ दिवसांनी पेटीवर बाईंच्या नावाखाली आणखी एक ओळ रंगवली गेली : ‘देखभाल : नवसाबाई.’ नवसाबाईनं मोहिनीला विचारून आपलं नाव नेमकं कुठून कुठपर्यंत आहे ते बोट फिरवून बघितलं. मग दुकानातला झेंडूचा सगळ्यात जाड हार काढला आणि पेटीला घातला.

घोटाळा त्या हारानं केला. दुसऱ्या दिवशी पेटीवर कुंकू दिसलं. तिसऱ्या दिवशी नारळ फुटला. कपडे टाकायला आलेली माणसं आधी पाया पडू लागली, आणि पंधरवड्यात कार्यालयाची नवी नोटीस आली : विनापरवाना धार्मिक स्थळ, खुलासा करावा.

नाना तपासाला लागले. हा प्रकार ज्यानं पहिला नमस्कार केला त्याच्यापासून सुरू झाला, तो सापडला की उलगडा झाला, असं त्यांनी मोहिनीला टाइप करायला सांगितलं.

मोहिनीनं तो पहिला नमस्कार पाहिला होता. हार घातला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दार झाडत होती. दुधाची किटली घेऊन एक माणूस डेअरीकडे निघाला होता. हार दिसताच, डोक्यात दुसराच काही विचार चालू असताना, त्यानं चप्पल काढली, किटली खाली ठेवली, हात जोडले आणि पुढे गेला.

‘नाना,’ ती म्हणाली, ‘तो साठीच्या पुढचा असावा. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. सकाळी लवकर दूध आणायला जाणारा.’

नाना तिच्याकडे कौतुकानं बघत राहिले. इतकी वर्षं शिकवलेलं आज फळाला आलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी ते वर्णन वहीत उतरवून घेतलं आणि किटली उचलून त्या माणसाला पकडायला बाहेर पडले.